वाडीकरणीचा ओढा

ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आमच्या ओढ्यापुढे ‘नाला क्र. ३’ असं लिहिलेलं पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. तसं ते फिरायला फार काही लागत नाही. जन्मभर प्राथमिक शाळेत पोरं हाकली की नाकाच्या शेंड्यावर जो राग येऊन बसतो, तो निवृत्तीनंतरही उठत नाही. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते, पण आई थकल्यापासून वर्षातले तीन-चार महिने आजऱ्याकडच्या आमच्या गावी येऊन काढते. त्या दिवशी पंचायतीत गेले होते आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी, आणि अडकले ओढ्यात.

ग्रामसेवक तरुण होता, बाहेरच्या जिल्ह्यातला, स्वभावानं गरीब. गावातल्या पाण्याच्या सगळ्या जागांची नोंद करायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. वहीत रकाने होते: नाव, उगम, वाट, कुठे मिळतो.

“मॅडम, नकाशात नुसती निळी रेघ आहे,” तो म्हणाला. “नाव कुणी सांगेना, म्हणून नंबर टाकला.”

“नंबर तुरुंगात देतात. ओढ्याला नाव आहे. वाडीकरणीचा ओढा.”

“ही वाडीकरीण कोण?”

कोण ते मला पक्कं माहीत होतं. माझ्या वडिलांची पहिली बायको. पण जिच्या भीतीत मी लहानाची मोठी झाले, तिची ओळख त्या पोराला कशी करून द्यावी ते कळेना. “मी लिहून आणते सगळं,” एवढं म्हणून वही काखेला मारली आणि घरी आले. हयातीचा दाखला राहिला तो राहिलाच.

आमच्याकडे सासरी आलेल्या बाईला तिच्या गावावरून ओळखतात. गडहिंग्लजची ती गडहिंग्लजकरीण. माझी आई चंदगडच्या बाजूची, म्हणून ती चंदगडकरीण. आणि आमच्या गावाच्या वर डोंगराच्या अंगाला जी वाडी आहे, तिथली ती वाडीकरीण. लग्नात सासरची माणसं एक नवं नाव ठेवतात, ते पत्रिकेपुरतं. पाळण्यातलं नाव माहेरीच राहतं. माझंही तसंच झालं. माझ्या पाळण्यातल्या नावानं मला हाक मारणारं आता या जगात एकच माणूस उरलंय, ती आई.

वाडीकरणीबद्दल गावात सांगतात ते इतकंच: श्रावणातला दिवस होता, पाणी आणायला गेली, पाय घसरला, खालच्या डोहात सापडली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून त्या डोहाला आणि डोहापासून पुढे अख्ख्या ओढ्याला तिचं नाव पडलं. पुढच्या वर्षी वडिलांनी माझ्या आईशी लग्न केलं.

लग्नात आईच्या गळ्यात मंगळसूत्राच्या आधी टाक घातला. टाक म्हणजे चांदीचा अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. बिजवराला दिलेल्या मुलीनं मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात बाळगायचा, अशी रीत. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. कुंकू आधी तिला. घास आधी तिला. आई चेष्टेत म्हणायची, “आदी सवत आली, मग नवरा.” चेष्टेत म्हणायची खरं, पण म्हणताना टाकावर हात ठेवायची, जणू तिनं ऐकू नये.

त्या टाकाला दोन ठिपक्यांचे डोळे आहेत आणि तोंड नाही. मी आईच्या कुशीत झोपायची तेव्हा तो माझ्या गालाला टोचायचा. गार लागायचा. मला वाटायचं, आईच्या आणि माझ्या मधे कुणीतरी झोपलंय. मी हट्ट केला की आजी म्हणायची, “वाडीकरीण बघत्या हां.” मला कुणी राक्षसाची, बागुलबुवाची भीती कधी घातलीच नाही. त्याची गरजच पडली नाही.

ओढ्यावर गेलं की आमच्या घरच्या बाईनं पहिली कळशी भरून परत पाण्यात ओतायची. “घे बाई, तुझं तुला आधी,” असं म्हणायचं. मी शाळेत जाताना ओढा ओलांडायची तेव्हा मधल्या दगडावर थांबून हळूच सांगायची, “मी धाकटीची.” धाकटी म्हणजे माझी आई. नाही सांगितलं तर पाय धरील, अशी खात्री होती. आणि दिवेलागणीला आई डोहाजवळ फार वेळ थांबू द्यायची नाही. म्हणायची, पाण्यात कुणीतरी हाक मारतंय. कान दिला की ऐकू येतं, पण नाव कळत नाही. मीही कान दिलाय. पाणी दगडावरून उतरताना खरंच कुणाला तरी लांबून बोलावल्यासारखा आवाज होतो. आज मी साठीला आले आहे, विज्ञानाचं पुस्तक मुलांना शिकवलंय, तरी सांगते, होतो.

आता मूळ गोष्ट. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. नवव्या दिवशी गेला. बारसं तीन दिवसांवर होतं. पाळणा उसना आणून ठेवला होता, तो रिकामाच परत गेला. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत. त्याला ओढ्याच्या काठी, करंजाच्या झाडाखाली पुरलं. हे मला माहीत होतं. पण माझ्या आईच्या मनात त्या झाडाखाली अजून काय काय पुरलेलं आहे, ते माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तिला ग्रामसेवकाची गंमत सांगत होते. आई सुपात तांदूळ पाखडत होती. ऐंशीच्या पुढे गेलीय, पण सुपावरचा हात अजून चालतो. मी म्हटलं, “उद्या मी नदीपासून उगमापर्यंत चालत जाते आणि सगळी नावं लिहून काढते.”

“नदीचं मूळ आनि ऋषीचं कूळ शोधू न्हाई म्हनत्यात,” आई म्हणाली.

“हा ओढा आहे, नदी नाही.”

तिनं पुन्हा दोनदा सूप हलवलं. मग खाली ठेवलं.

“मग तिचं पाळण्यातलं नाव मिळंल काय बघ की.”

साठ वर्षांत आईच्या तोंडून मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकत होते. “कुणाचं?” मी उगीच विचारलं.

“तिचं गं.” आईचा हात टाकावर गेला. “मेल्यालं मानूस पाळण्यातल्या नावानं हाक मारली तरच वळतंय. सासरच्या नावाला वळत न्हाय. माझी आई सांगायची. साठ वर्सं मी तिला बाई-बाई म्हनून घास काढतो, कळशी ओततो, पर ती माझ्याकडं पाठ करूनच हाय. एकडाव वळली तर मला इचारायचं हाय तिला.”

आमच्याकडे बायकाही ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. पुण्याच्या माणसांना त्याचं हसू येतं. येऊ दे.

“काय विचारायचंय?” मी म्हणाले.

“माझं लेकरू तू न्हेलंस काय, आसं.”

आई अगदी साध्या आवाजात सांगत राहिली, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी. आपण तिची जागा घेतली, नवरा घेतला, चूल घेतली. मग तिनं लेकरू नेलं असेल तर ते तिच्या हिशेबानं बरोबरच असेल. पण नेलं असेल तर तसं सांगावं. आणि नेलं नसेल, तर तेही सांगावं. “त्या पोराला तर नावच न्हाय,” आई म्हणाली. “त्याला कुठल्या नावानं हाक मारू? तिचं तरी कळू दे मला. मी आता किती दीस हाय?”

मला रडूही येत होतं आणि रागही. आईचा नव्हे, इतकी वर्षं हे न विचारणाऱ्या माझा. वडिलांना ती हे विचारू शकत नव्हती. नवऱ्याला त्याच्या पहिल्या बायकोचं नाव विचारण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती, आणि वडील तर तिचा विषय निघाला की गोठ्यात निघून जायचे. आजीला विचारायची कुणाची छाती नव्हती. गावातल्या जुन्या बायकांनाही ती फक्त वाडीकरीण म्हणून माहीत होती. राहिली वाडी. तर वाडीनं ती मेल्यापासून आमच्या गावाशी सगळं तोडलेलं. मुली देणं बंद, घेणं बंद, आमच्या गावचं पाणी पिणंसुद्धा बंद. त्यांची म्हातारी माणसं आमच्या गावावरून एसटीनं जाताना तहान लागली तरी घोटभर पाणी घेत नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आणि वाडी आहे किती लांब? चालत दीड-दोन तास. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, आम्ही तर वळसासुद्धा घातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. दिवाळी होऊन गेली होती, भाताची कापणी चालू होती, पाणी निवळून काचेसारखं झालं होतं. ओढा जिथे हिरण्यकेशीला मिळतो तिथून सुरुवात केली. तिथे त्याला कुणी नावच ठेवलेलं नाही, म्हशी धुणारा एक जण म्हणाला, “इथं तो नदीच झाला की, आता येगळं नाव कशाला?” मला त्याचं म्हणणं पटलं आणि तसंच लिहून घेतलं. तिथून वर धुण्याच्या दगडांपाशी बायका त्याला ‘दगडाचं पाणी’ म्हणतात. मग आमचं गाव आणि वाडीकरणीचा डोह. डोहापाशी मी थांबले. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून घेतलं आणि साठाव्या वर्षी हळूच म्हटलं, “मी धाकटीची.” करंजाच्या झाडाकडे मात्र बघितलं नाही. पुढे निघाल्यावर बराच वेळ मला पाठीमागून पाण्यात पावलं टाकल्याचा आवाज येत होता. मी थांबले की थांबायचा. माझ्याच चपला ओल्या झाल्या होत्या, हे मला माहीत होतं. तरी मी चपला हातात घेतल्या नाहीत, कारण त्यानंतरही आवाज आला असता तर काय करणार होते?

गाव सुटलं की काजूच्या बागा लागतात. तिथे ओढा मोठं वळण घेतो. काजूत गवत कापणाऱ्या एका बाईनं सांगितलं, “ह्येला बोचक्याचं वळण म्हनत्यात.” का म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. मी वहीत लिहिलं, ‘बोचक्याचं वळण’, आणि पुढे चढायला लागले. वर ओढा अरुंद होत जातो, दोन्ही बाजूंनी झाडी वाकते, पाणी दिसेनासं होतं आणि नुसतं ऐकू येतं. मग एकदम झाडी संपते आणि वाडीची भातखाचरं समोर येतात. घनसाळ भात कापत होते. वास असा होता की रिकाम्या पोटी जीव जावा.

खाचराच्या बांधावर एक तरुण सून भात बांधत होती. तिला विचारलं, “या ओढ्याला इथं काय म्हणता?”

तिनं एक नाव सांगितलं. मुलीचं नाव. लहान, हाक मारायला सोपं.

“असं का नाव?”

“तसंच हाय ते,” ती म्हणाली. “माझी पोरं बी तसंच म्हनत्यात. त्या म्हाताऱ्या आज्जास्नी इचारा की, त्यांच्या घरातलं नाव हाय म्हनं.”

मी ते नाव वहीत लिहिलं आणि ते लगेच खरं वाटेना, म्हणून पुन्हा एकदा लिहिलं.

म्हातारा अंगणात वाळत घातलेलं भात पायानं उलटत होता. सत्तरीच्या पुढचा, काटक. “या पावणं,” म्हणाला. “कुठनं आलाईसा?”

मी गावाचं नाव सांगितलं. त्याचे पाय थांबले. मग आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आला आणि माझ्या पुढे ठेवला.

“तुमच्यातलं पानी आमी पीत न्हाय,” तो म्हणाला. “पर पाजाय ना न्हाय. प्या.”

मी प्याले. मग स्पष्टच सांगितलं. “मी चंदगडकरणीची लेक. तुमच्या घरची मुलगी गेल्यावर जिला आणली, तिची.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “तुजी आई घालती काय आजून? गळ्यात?”

“घालते.”

तो तिथेच भातावर बसला. ती त्याची थोरली बहीण होती.

पुढे त्यानं सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांत ते बसत नाही. “पंचिमीला लेकी म्हायारी येत्यात. आमचा बा आनाय गेलता तिला. तुज्या आज्जीनं परत धाडला. म्हनली, लावनी उरकल्याबिगर सून धाडनार न्हाय. ही दारात हुबी ऱ्हाऊन बघत व्हती म्हनं, बाला. तिसऱ्या दिशी उठली नि एकटीच निघाली. वाट तिला ठावी नव्हती. लगनात गाडीतनं गेलती, डोळ्यावर पदर. तिला एकच ठावं व्हतं, ह्या वड्याचं पानी आमच्या दारातनं येतंय. पान्याच्या उलटं चालत गेलं की म्हायार. पावसाचा व्हळ, तुमाला ठावं हाय कसा फुगतोय. काजूच्या वळनापतुर आलती. तिथं तिचं बोचकं घावलं, झुडपाला आडाकल्यालं. आत खन व्हता, बांगड्या व्हत्या, आईसाटनं बांदून घेतल्याल्या दोन करंज्या व्हत्या. निम्म्यात आलती बगा. वर येत व्हती ती, पान्यानं माघारी सासरला न्हेऊन घातली.”

माझ्या वहीत सकाळी लिहिलेलं ‘बोचक्याचं वळण’ होतं. मी वही मिटली. माझ्या आजीचा मला त्या क्षणी असा संताप आला की ती जिवंत असती तर मी तिच्याशी पुन्हा बोलले नसते. आणि वडिलांचाही आला. ते गोठ्यात का जात होते ते तेव्हा कळलं, म्हणून जास्तच आला.

“मग आमची आई,” म्हातारा म्हणाला, “तिनिसांजंला उगमावर जाऊन हुबी ऱ्हायाची. पोरगी खाली पान्यात हाय, पानी इथनं जातंय, मंग हाक बी जाईल, आसं तिचं. नाव घ्यायची नि म्हनायची, जेव गं. बास. एवढंच. लई वर्सं केलं तिनं. मरंस्तवर. आयकून आयकून सारी वाडी वड्याला त्याच नावानं वळखाय लागली. आताच्या पोरास्नी वाटतंय वड्याचंच नाव हाय ते.”

त्यानं मला उगम दाखवला. फणसाच्या मुळाखालून ओंजळभर पाणी येतं, इतकंच. तिथे उभं राहून मला आईचं वाक्य आठवलं: कुणीतरी हाक मारतंय, पण नाव कळत नाही. दोन तासांच्या अंतरावर हाक जात नाही, हे मला समजतं. पण तिथे उभी असताना ते मला नीट पटलं नाही.

मी त्याला आईची इच्छा सांगितली. लेकराचंही सांगितलं.

“न्ह्या नाव,” तो म्हणाला. “पर हाक मारताना वराडू नगा म्हनावं. तिला वराडल्यालं खपत नव्हतं. सोळा वर्साची व्हती, पर मानी व्हती.”

परत आले तेव्हा ऊन कलत होतं. आई उंबऱ्यात बसली होती, माझ्या वाटेकडे डोळे लावून. मी तिच्या शेजारी बसले आणि कानात नाव सांगितलं. तिनं ते मला दोनदा म्हणायला लावलं. मग ओठातल्या ओठात स्वतः म्हणून पाहिलं.

“व्हय,” ती म्हणाली. “आसंच कायतरी आसंल वाटलं व्हतं.” मग विचारलं, “किती वर्साची व्हती?”

“सोळा.”

“सोळा? माझ्या डोळ्याफुडं तर थोराड बाई व्हती, कपाळभर कुंकवाची. मी लगनात अठराचा व्हतो.” मग म्हणाली, “म्हंजी माझ्यापरास धाकटी.”

मी तिला पंचमीचं, बोचक्याचं, करंज्यांचं सगळं सांगितलं. सगळं झाल्यावर ती टाक हातात घेऊन अंगठ्यानं पुसत बसली. मग मी वही उघडली आणि नावाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. माझ्या मनात होतं, तिचं खरं नाव लिहावं, कायमचं, शासनाच्या कागदावर. तिला निदान तेवढं मिळावं.

“नको,” आई ताडकन म्हणाली. “वाडीकरनीचाच लिव. वाडीतली घेत्यात त्यांची गोष्ट येगळी, ते म्हायार हाय. पर कागदावर आलं म्हंजी कोनबी येनारा-जानारा नाव घेनार. तिला सारकं वळाय लागंल. दमंल पोरगी.”

म्हणून मी ते नाव नोंदवहीत लिहिलं नाही. इथेही लिहिलेलं नाही.

दिवेलागणीच्या आधी आई उठली. कळशी घेतली. मी म्हटलं, उद्या जाऊ, पण ती ऐकणारी नव्हती. माझ्या खांद्याला धरून, पाऊल चाचपत ओढ्यावर आली. करंजाचं झाड काळं पडलं होतं. डोहावर उजेड थोडा उरला होता. आईनं पहिली कळशी भरली आणि पाण्यात ओतली. नेहमीचं वाक्य मात्र म्हटलं नाही.

तिनं नाव घेतलं. ओरडून नाही. शेजारच्या अंगणात खेळणाऱ्या पोरीला बोलवावं, तसं.

मी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, भीतीनं. साठ वर्षं पाठ करून असलेली ती आता वळणार, आणि तिला टाकासारखंच तोंड नसणार, असं मला वाटलं. आणि मी वाट बघत होते त्या प्रश्नाची. तो प्रश्न आईनं इतकी वर्षं जपून ठेवला होता.

“वळखलीस काय मला?” आई म्हणाली. मग तिनं आपलं नाव सांगितलं. आपल्या पाळण्यातलं नाव. ते मी तोपर्यंत कधीच ऐकलं नव्हतं; विचारलंही नव्हतं. “मी चंदगडाकडची. तुज्या मागनं आलो मी. तू जायाची व्हतीस ती वाट लई लांब व्हती गं. त्यात पानी उलटं. दमलीस काय?”

पाणी दगडावरून उतरत होतं. आई जराशी वाकली.

“माझं एक लेकरू हाय बग तिकडं. धा दिसाचं बी न्हाय. त्याला नाव न्हाय, म्हनून मला हाक मारता येत न्हाय त्याला. तू बी ल्हानच हायस, कळतंय मला. पर जरा घे त्याला.”

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं दुसरी कळशी भरली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “चल.”

वाटेत मी विचारलं, आता टाक काढून ठेवायचा का. वाडीवाल्यांना परत नेऊन द्यावा, उगमात सोडावा, माझ्या मनात काय काय येत होतं. आईनं तो पदराआड सारला आणि वर पदर नीट घेतला, गार वारं सुटलं होतं म्हणून.

“ऱ्हाऊ दे गं,” ती म्हणाली. “आता कुठं वळख झालीया.”